कोकणात रोज चालणाऱ्या स्पोर्ट्स कारला टायर कुठले टाकायचे? आधी पाऊस बघा, मग बाकी सगळं

22 सप्टेंबर 2025 पासून गाडीच्या नव्या टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, म्हणजे करापूर्वी 10,000 चा टायर आधी 12,800 ला पडायचा तो आता 11,800 ला, आणि चार टायर धरले की हा फरक चांगलाच जाणवतो. त्यात 2025 मध्येच गोल्फ जीटीआय आणि ऑक्टाव्हिया आरएस भारतात आल्या, जुन्या पोलो जीटी, आय20 एन लाइन, व्हर्टस जीटीवाले तर रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत सगळीकडे आहेत, कुणाकडे बीएमडब्ल्यू झेड4 किंवा पोर्शे बॉक्स्टर पण आहे. कंपनीकडून आलेले टायर संपले की सगळ्यांचा प्रश्न एकच, आता कुठले टाकू?

नेटवर शोधलं की जे सल्ले मिळतात ते बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या रस्त्यांचे, नाहीतर पुण्या-बंगळुरूच्या लोकांचे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर जो पाऊस पडतो, रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिमीच्या आगेमागे आणि आंबोलीत तर सात हजारच्या घरात, तो त्या सल्ल्यांमध्ये कुठेच नसतो. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, कोकणात टायर पावसासाठी घ्यायचा, दुसऱ्या नंबरला खड्ड्यांचा विचार करायचा, आणि किती किलोमीटर चालेल, कोरड्यात वळणावर किती चिकटेल हे सगळं त्यानंतर.

साइडवॉलवर काय लिहिलेलं असतं

टायरची बाजूची भिंत म्हणजे साइडवॉल. तिच्यावर समजा 225/45 आर17 94 डब्ल्यू लिहिलंय. 225 ही रुंदी मिमीमध्ये. 45 म्हणजे साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या 45 टक्के, म्हणजे साधारण 101 मिमी. आर म्हणजे रेडियल, 17 म्हणजे रिमचा व्यास इंचात. 94 हा वजनाचा कोड आहे, 94 म्हणजे एका टायरला 670 किलो, 91 असेल तर 615 किलो. डब्ल्यू हा स्पीडचा कोड, 270 किमीपर्यंत, व्ही म्हणजे 240 पर्यंत, एच म्हणजे 210 पर्यंत.

इथे लोक म्हणतात की मी कुठे 270 ने जातोय, एच चालेल की, स्वस्त पडतो. तसं करू नका. तो कोड नुसत्या स्पीडचा नसतो, टायर किती उष्णता सहन करतो आणि त्याचा सांगाडा किती भक्कम आहे हे पण त्यातून कळतं, आणि तुमच्या गाडीचं सस्पेन्शन त्याच प्रकारच्या टायरवर सेट केलेलं असतं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो वजनाचा आणि स्पीडचा कोड दिलाय त्याच्या खाली उतरायचं नाही, वर गेलात तर हरकत नाही.

बाकी एक गोष्ट, काही टायरवर कंपनीची खूण असते, बीएमडब्ल्यूची चांदणी, पोर्शेचा एन0 किंवा एन1, मर्सिडीजचा एमओ. त्या गाडीसाठी कंपनीने मंजूर केलेला टायर असा त्याचा अर्थ. मिळत असेल तर तोच घ्या, पोर्शेवाल्यांनी तर नक्कीच.

पाण्यात टायर नेमकं काय करतो

दीड टनाच्या आतली गाडी असेल तर एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग साधारण 150 चौरस सेंमी असतो, म्हणजे पंधरा बाय दहा सेंमी, बस्स एवढाच. ब्रेक, वळण, पिकअप सगळं त्या चार तुकड्यांवर चालतं.

आता हिशोब करून बघा. 225 रुंदीचा टायर, रस्त्यावर 3 मिमी पाणी, गाडी 80 च्या स्पीडला, म्हणजे सेकंदाला 22 मीटर. तर एका टायरसमोर दर सेकंदाला साधारण 15 लिटर पाणी येतं आणि ते तेवढ्याच वेळात खालून बाहेर फेकलं गेलं पाहिजे, काही नक्षीच्या खाचांतून, काही बाजूला. नाही फेकलं गेलं तर टायर पाण्यावर तरंगायला लागतो, स्टिअरिंग एकदम हलकं होतं आणि गाडी तुमचं ऐकत नाही. याला अॅक्वाप्लेनिंग म्हणतात. मुंबई-गोवा हायवेवर जिथे काँक्रीटची नवी लेन आणि जुना डांबरी तुकडा एकमेकांना भिडतात किंवा डायव्हर्जन आहे तिथे खोलगटात पाणी साचून राहतं, आणि रात्री समोरच्या लाइटमध्ये ते दिसतही नाही.

नव्या टायरची नक्षी साधारण 8 मिमी खोल असते. कायद्याने 1.6 मिमी पर्यंत चालते, खाचांच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे असतात ते 1.6 चे, नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर गोटा झाला असं धरायचं. पण 8 ची 3 झाली की पाणी जायला जागा अर्ध्याहून कमी उरलेली असते, कोरड्या रस्त्यावर काहीच फरक जाणवत नाही आणि पहिल्या मोठ्या सरीत एकदम जाणवतो. म्हणून कोकणात रोज चालणाऱ्या गाडीला 1.6 ची वाट बघणं मला अजिबात पटत नाही. मे महिन्यात नक्षी मोजा, 3 च्या आसपास असेल तर पाऊस सुरू व्हायच्या आधी बदला. नक्षीची खोली मोजायचा डेप्थ गेज अगदी स्वस्तात मिळतो, गाडीतच ठेवा.

मोजताना बाहेरच्या कडेवर समाधान मानू नका. स्पोर्ट्स कारची चाकं बऱ्याचदा वरून थोडी आत झुकवलेली असतात, त्याला कॅम्बर म्हणतात, त्यामुळे टायर आतल्या कडेने आधी झिजतो. बाहेरून बघाल तर 5 मिमी आणि आत हात घालून बघाल तर नक्षी जवळपास सपाट, कधीकधी तारा दिसायच्या बेतात. पुढच्या चाकांसाठी स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला फिरवा, आतली कड समोर येते. मागच्यांसाठी खाली वाकून मोबाइलचा टॉर्च मारावा लागतो. खाचांत जांभ्याचे बारीक खडे अडकलेले असतात ते आधी काढा नाहीतर गेज चुकीचं दाखवतं.

मग "समर टायर" पावसात कसा चालेल?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि गोंधळ नावामुळे होतो. परफॉर्मन्स टायर बहुतेक समर टायरच असतात. इथे समर म्हणजे कोरडा उन्हाळा नाही, तर थंडी आणि बर्फ सोडून बाकी सगळं. साधारण 7 अंशांच्या खाली या टायरचं रबर कडक होतं म्हणून थंड देशात हिवाळ्यात ते काढून ठेवतात. आपल्याकडे पारा 7 अंशांच्या खाली सहसा जात नाही, त्यामुळे युरोपातल्या हिवाळ्यासाठी बनवलेला ऑल सीझन टायर घेऊन तुम्हाला काही मिळत नाही, उलट आपल्या उन्हाळ्यात तो मऊ पडतो.

ओल्या रस्त्यावर पकड दोन गोष्टींतून येते. नक्षी पाणी बाजूला काढते हे झालं, पण पाणी काढल्यावर जो ओलसर पातळ थर उरतो त्याच्यावर रबर स्वतः किती धरतं हे त्या रबराच्या मिश्रणावर, म्हणजे कंपाउंडवर अवलंबून असतं. घरामागच्या चिरेबंदी पायऱ्यांवर पावसाळ्यात शेवाळ धरतं तेव्हा बघा, मऊ रबराच्या नव्या स्लिपरने तुम्ही बिनधास्त उतरता आणि तीच स्लिपर दोन वर्षं उन्हात पडून कडक झाली की नक्षी असूनही पाय सटकतो. टायरच्या कंपाउंडचं तसंच आहे. पूर्वी टायरमध्ये मुख्यतः कार्बन ब्लॅक असायचं, 1992 मध्ये मिशलिनने सिलिका घातलेला टायर बाजारात आणला आणि त्यानंतर ओल्यातली पकड आणि मायलेज दोन्ही एकाच टायरमध्ये आणणं जमायला लागलं. आजचे चांगले परफॉर्मन्स टायर सिलिका भरपूर वापरतात, म्हणून मिशलिन पायलट स्पोर्ट 4 किंवा 5, ब्रिजस्टोन पोटेंझा स्पोर्ट, गुडइयर ईगल एफ1 असिमेट्रिक, कॉन्टिनेन्टल मॅक्सकॉन्टॅक्ट, असे टायर साध्या टायरपेक्षा पावसात चांगले चालतात. अपोलोने 2009 मध्ये घेतलेल्या व्रेडेस्टाइनचे टायर आता भारतातही बनतात, त्यांचा अल्ट्रॅक व्होर्टीसुद्धा यादीत धरायला हरकत नाही.

जे टायर कोकणात घ्यायचेच नाहीत ते म्हणजे ट्रॅकवरचे, सेमी स्लिक. पायलट स्पोर्ट कप 2, योकोहामा अॅडव्हान ए052 वगैरे. कोरड्यात अप्रतिम, पण खाचा कमी आणि उथळ, गरम झाल्याशिवाय पूर्ण पकड देत नाहीत, आणि जुलैत करूळ घाट उतरताना टायर गरम होणार कसा?

ट्रेडवेअरचा आकडा मोठा म्हणजे टायर चांगला?

साइडवॉलवर ट्रेडवेअर 300 किंवा 500 असं लिहिलेलं असतं, ही अमेरिकेतली पद्धत आहे. 100 हा ठरवून दिलेला तुलनेचा टायर, 300 म्हणजे चाचणीत त्याच्या तिप्पट टिकला. पण हा आकडा कंपनी स्वतः देते, त्यामुळे एका कंपनीचे दोन टायर त्यावरून तोलता येतात, दोन वेगळ्या कंपन्यांचे नाही. साधारण अंदाज म्हणून धरा, 200 किंवा कमी म्हणजे ट्रॅकच्या बाजूचा, 300 च्या आसपास परफॉर्मन्स, 400 च्या वर गेलं की टिकाऊपणाकडे आणि आरामाकडे कल. त्याच्या शेजारी ट्रॅक्शन एए, ए, बी असं असतं, ती ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेकची चाचणी आहे, एए बघून घ्या. युरोपचं लेबल मिळालं तर त्यातला ओल्या पकडीचा ग्रेड ए आहे का बघा, ते जास्त उपयोगाचं.

टायरवाला तुम्हाला हमखास "साठ हजार चालेल" असं सांगेल. मला वाटतं हा आकडा या गाड्यांसाठी विचारूच नये. रबर कडक ठेवलं की जास्त चालतं आणि मऊ ठेवलं की जास्त धरतं, सिलिकाने ही दरी कमी केली पण मिटवली नाही. रोज तीस-चाळीस किलोमीटर चालवणाऱ्याने वर्षभर आधी टायर बदलावा लागला तर जे पैसे जातात ते एका बंपर आणि हेडलाइटच्या बिलासमोर काहीच नाहीत, आणि मी फक्त पत्र्याचं बोलतोय, गाडीतल्या माणसांचं नाही.

रुंद टायर टाकला तर ग्रिप वाढेल ना?

कोरड्यात थोडी वाढते, हो. पण वरचा हिशोब परत बघा, रुंदी वाढली की समोर येणारं पाणीही वाढतं, आणि त्याच वजनाखाली रुंद टायर लवकर तरंगतो. त्यामुळे कंपनीने 225 दिलंय तर 245 टाकायचं काही कारण नाही.

रिम मोठी की साइडवॉल मोठी? खड्ड्यांचा प्रश्न

225/45 आर17 ची साइडवॉल 101 मिमी, 225/40 आर18 ची 90 मिमी. टायरचा बाहेरचा व्यास जवळपास तेवढाच राहतो, फक्त रबर कमी होऊन धातू वाढतो. म्हणजे खड्ड्यात चाक आपटलं की दणका झेलायला 11 मिमी कमी. आपल्याकडचे खड्डे पावसात पाण्याने भरलेले असतात आणि कडा तीक्ष्ण असतात, त्यात गणपतीच्या आधी मुरूम-खडी टाकून बुजवलेले परत आठ दिवसांत उघडतात, तर मला विचाराल तर कोकणात रिम मोठी करणं हा सगळ्यात वाईट खर्च.

उलट दिशेने जाता येतं. 205/55 आर16 चा व्यास 225/45 आर17 पेक्षा अर्धा टक्कासुद्धा कमी नाही, आणि साइडवॉल मिळते 113 मिमी. गाडीचे ब्रेक कॅलिपर, म्हणजे ब्रेकची डिस्क दाबून धरणारा भाग, 16 इंची रिममध्ये बसत असतील आणि कंपनीने तो साइज मंजूर केला असेल, म्हणजे दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असेल, तर रोजच्या वापरासाठी हा फार शहाणपणाचा बदल आहे. वळणावर गाडी किंचित मऊ वाटते, पण चालवायला मजा येतेच. व्यासात 3 टक्क्यांहून जास्त फरक मात्र होऊ देऊ नका, स्पीडोमीटर, एबीएस सगळ्याचा हिशोब बिघडतो. उदाहरणार्थ 225/50 आर17 टाकला तर व्यास साडेतीन टक्के वाढतो, तो नको.

साइज बदलायचा नसेल तर एक्सएल लिहिलेला टायर बघा, त्याचा सांगाडा जास्त वजनासाठी मजबूत केलेला असतो. आणि खड्ड्यात आपटल्यावर साइडवॉलला फुगा आला तर आतले धागे तुटलेत असं समजा, त्याला दुरुस्ती नाही, कितीही छोटा असो टायर बदलायचा. पंक्चर नक्षीत असेल तर काढता येतं, साइडवॉलमध्ये नाही, पंक्चरवाला कितीही म्हणू दे.

पावसात हवा कमी ठेवली की पकड वाढते का?

हे इतके जण इतक्या खात्रीने सांगतात की मुद्दाम लिहितोय. नाही वाढत, उलट होतं. 1960 च्या दशकात नासाने विमानाच्या चाकांवर चाचण्या केल्या होत्या त्यातून एक नियम निघाला, पाणी नक्षीपेक्षा खोल असेल तर टायर कोणत्या स्पीडला तरंगेल हे हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतं. गाडीला लावून बघितलं तर 32 पीएसआयला साधारण 94 किमी, आणि 24 पीएसआयला साधारण 82 किमी. गाडीच्या टायरचा आकार वेगळा असतो त्यामुळे हे आकडे तंतोतंत धरू नका, पण दिशा पक्की आहे, हवा कमी केली की गाडी लवकर तरंगते. शिवाय कमी हवेत टायर खड्ड्यात रिमपर्यंत दाबला जातो. स्टिकरवर जेवढी हवा लिहिलीय तेवढीच, टायर थंड असताना, पंधरा दिवसांनी एकदा तरी. नायट्रोजन मिळाला तर भरा, नाही मिळाला तर साधी हवा भरा, तिच्यात 78 टक्के नायट्रोजनच असतो.

दोनच टायर बदलायचे असतील तर पुढे की मागे?

मागे. गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह असली तरी मागे. पुढची पकड गेली तर गाडी सरळ जायला बघते, तुम्ही आपसूक अॅक्सिलरेटर सोडता आणि ती सावरते. मागची गेली तर गाडी गोल फिरते, आणि परशुराम घाटात एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी असताना ती फिरली की सावरायला वेळच मिळत नाही. पुढचे लवकर झिजतात म्हणून नवे पुढे टाकायचा सल्ला देतात, तो फक्त पैशाचा विचार झाला. एका अॅक्सलवर दोन्ही टायर सारख्याच ब्रँडचे आणि मॉडेलचे पाहिजेत, आणि ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर चारही एकदम बदललेले बरे, कारण व्यासात फरक पडला की गिअरच्या यंत्रणेवर सतत ताण येतो. बॉक्स्टरसारख्या गाडीत पुढचा आणि मागचा साइजच वेगळा असतो, तिथे अदलाबदलीचा प्रश्न येत नाही.

हवा तो साइज इथे मिळतच नाही, मग?

खरी अडचण आहे ही. जून 2020 मध्ये केंद्राने टायरची आयात रिस्ट्रिक्टेड केली, म्हणजे बाहेरून आणायला परवाना लागतो, शिवाय आयएसआय मार्क लागतो, त्यामुळे 18-19 इंचातले काही साइज महिनोन्महिने गायब असतात. कुडाळ, चिपळूण, रत्नागिरीतला डीलर ते कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईहून मागवतो. म्हणून मे मध्ये नाही तर मार्च-एप्रिलमध्येच चौकशीला लागा.

आणि मागवण्याआधी डेट कोडचा फोटो मागवा. साइडवॉलवर लंबगोलात चार आकडे असतात, 2325 म्हणजे 2025 चा तेविसावा आठवडा. कमी खपाचे साइज गोडाऊनमध्ये पडून राहतात, चारही टायरचे फोटो घ्या, एकाचा फोटो दाखवून बाकी तीन जुने पाठवलेले मी बघितलेत. वर्षभर जुना, सावलीत ठेवलेला टायर चालतो, दोन वर्षांहून जुना असेल तर मी तरी पूर्ण भाव देणार नाही. वापरातला टायर पाच वर्षांचा झाला की नक्षी असली तरी दरवर्षी तपासून घ्या, समुद्राकाठी उघड्यावर गाडी असेल तर साइडवॉलला बारीक भेगा पडलेल्या दिसतात.

टायर बसवताना समोर उभे राहा

खारी हवा रिमला खाते. टायरची कड रिमला जिथे चिकटते तिथे अलॉयवर पांढरी पूड धरते, आणि मग नवा टायर टाकूनही दर आठवड्याला दोन-तीन पीएसआय हवा उतरते, लोक पंक्चर शोधत बसतात. जुना टायर उतरला की ती कड ब्रशने साफ करून घ्या, व्हॉल्व्ह नवे टाका, प्रेशर सेन्सर असतील तर त्यांच्या रबरी सीलसुद्धा. टायरवर आउटसाइड लिहिलं असेल तर ती बाजू बाहेर, बाण असेल तर बाण पुढच्या दिशेने फिरणारा, हे घाईत चुकतं. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी, आणि अलाइनमेंटचा आधीचा-नंतरचा प्रिंट मागून घ्या, आतली कड का झिजली ते त्यात कळतं.

नव्या टायरवर साच्याचा गुळगुळीत थर असतो, तो जाईपर्यंत पहिले दोनेकशे किलोमीटर ब्रेक आणि वळणं जपून, पावसात तर जास्तच. नट टॉर्क रेंचने आवळून घ्या आणि पन्नास-शंभर किलोमीटर झाले की परत एकदा तपासा.